मुळातले गाणे आणि कानातले गाणे

वाचकांचे प्रश्न : संगीत

प्रश्न : आमचा वीस-बावीस जणांचा कराओके गट आहे. बहुतेक सभासद निवृत्त आहेत आणि दोन महिन्यांतून एकदा आम्ही लक्ष्मीनगरातील सभागृहात कार्यक्रम करतो. मागच्या वेळी एका सभासदाच्या नातीने ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे इंग्रजी गाणे ट्रॅकवर म्हटले आणि निवेदनात ते व्हिटनी ह्यूस्टन यांचे असल्याचे सांगितले. चहाच्या वेळी दुसऱ्या एका सभासदाने ते मुळात डॉली पार्टन यांचे असल्याचे म्हटल्यावर वाद सुरू झाला, तो अजून व्हॉट्सॲपवर चालू आहे. एकच गाणे एकामागून एक गायक गात जातात तेव्हा त्यात नेमके काय बदलते, आणि अखेर ते कोणाचे म्हणायचे?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : वादातील दोन्ही पक्ष बरोबर आहेत. मात्र या दोन नावांच्या मध्ये आणखी एक नाव आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या तिसऱ्या नावापाशी सापडते.

डॉली पार्टन यांनी हे गाणे स्वतः लिहिले, १९७३ साली ध्वनिमुद्रित केले आणि १९७४ साली ते प्रसिद्ध झाले. पोर्टर वॅगनर या ज्येष्ठ गायकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या कित्येक वर्षे गात होत्या. तिथून बाहेर पडून स्वतंत्र वाट धरताना त्यांनी या गाण्यातून वॅगनर यांचा निरोप घेतला. आज जे जगभर प्रेमभंगाचे गाणे म्हणून ऐकले जाते ते मुळात एक राजीनामापत्र होते, असे म्हटले तरी चालेल. त्यातले शेवटचे कडवे पार्टन गात नाहीत, ते त्या हलक्या आवाजात नुसते बोलतात. १९७५ साली लिंडा रॉनस्टॅट यांनी हे गाणे गायले तेव्हा नेमके तेच कडवे गाळले. पुढे १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी संगीतनिर्माते डेव्हिड फॉस्टर हे ह्यूस्टन यांच्याकडून गाणे बसवून घेऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता तो पार्टन यांचा नव्हे, रॉनस्टॅट यांच्या ध्वनिमुद्रिकेचा. पार्टन यांना हे कळल्यावर त्यांनी गाळलेले कडवे फॉस्टर यांना फोनवर सांगितले आणि ते गाण्यात परत आले.

आता आपल्या सभासदाच्या नातीला तोच ट्रॅक पुन्हा लावायला सांगावे. सुरुवातीचे सुमारे पाऊण मिनिट ह्यूस्टन यांना कोणत्याही वाद्याची साथ नाही. कराओकेच्या पडद्यावर अक्षरे सरकत राहतात, ध्वनिक्षेपकातून मात्र काही येत नाही, आणि त्या मुलीला स्वर मनात धरूनच उभे राहावे लागते. पुढे वाद्ये आत आली की ती किती उतरली किंवा चढली हे साऱ्या सभागृहाला कळते. शेवटाकडे सॅक्सोफोनचा तुकडा संपतो, मग ते फोनवरून आलेले कडवे येते, क्षणभर सगळे थांबते, ड्रमचा एकच घणाघाती ठोका पडतो आणि ध्रुवपद एक पूर्ण स्वर वर चढते, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहावरून पांढरी सातवर. त्या ठोक्याआधीची सगळी हळवी चढण त्या कडव्याने केलेली आहे. पार्टन यांनी जे बोलून दाखवले, रॉनस्टॅट यांनी जे टाळले, त्याचीच ह्यूस्टन यांच्या आवृत्तीत शेवटची पायरी झाली. रॉनस्टॅट यांची काटछाट तशीच पुढे गेली असती तर तो ठोका कशावर पडला असता, हे मला अनेकदा विचारावेसे वाटते.

यातून जे दिसते ते असे की नवा गायक क्वचितच मूळ गाणे गातो; तो त्याच्या कानावर जे शेवटचे पडले ते गातो, आणि त्यामुळे आधीच्या गायकाने केलेली काटछाट, भर आणि कधी कधी त्याच्या चुकासुद्धा पुढच्याच्या पदरात आयत्या पडतात. ‘हाउंड डॉग’ हे याचे ठळक उदाहरण आहे. लीबर आणि स्टोलर या जोडीने ते १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी लिहिले. ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढणारी एक खमकी बाई त्यात बोलते, ‘कुत्रा’ ही तिने त्या पुरुषाला हासडलेली शिवी आहे आणि गाण्याची लय ब्लूजची, रेंगाळणारी आहे. पुढे फ्रेडी बेल आणि त्यांच्या वाद्यवृंदाने ते लास व्हेगासच्या करमणुकीसाठी हलकेफुलके केले. शब्द बदलले, ससा पकडण्याची गोष्ट आत आली आणि शिवीतला कुत्रा खरोखरचा कुत्रा झाला. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९५६ साली लास व्हेगासला बेल यांचा कार्यक्रम ऐकला आणि त्याच शब्दांत ते गाणे ध्वनिमुद्रित केले. जगाला माहीत झाले ते हे तिसरे रूप. त्यात बाई नाही, दार नाही, ऐतखाऊ पुरुषही नाही. उरला तो ठेका आणि एक ससा. मला स्वतःला थॉर्नटन यांचे रूप कितीतरी अधिक आवडते, पण प्रेस्ली यांच्या आवृत्तीने गाण्याला जी धाव दिली ती नाकारता येणार नाही.

लेनर्ड कोहेन यांच्या ‘हालेलुया’ची वाटचाल याहून गुंतागुंतीची आहे. कोहेन यांनी ते १९८४ साली सिंथेसायझर आणि मागे समूहस्वर घेऊन, खर्जातल्या जड आवाजात गायले. त्यांच्या अमेरिकी कंपनीने तो संग्रह तिथे प्रसिद्ध करायलाच नकार दिला आणि गाणे फारसे कोणाच्या कानी गेले नाही. १९९१ साली जॉन केल यांना ते एका गौरवसंग्रहासाठी गायचे होते म्हणून त्यांनी कोहेन यांच्याकडे शब्द मागितले, तर फॅक्सवर पंधरा पाने आली, कारण कोहेन यांनी या गाण्यासाठी छापलेल्याच्या अनेक पट कडवी लिहून ठेवलेली होती. केल यांनी त्यांतली आपल्याला हवी ती निवडली, बाकीचा वाद्यमेळ काढून टाकला आणि नुसत्या पियानोवर गायले. जेफ बकली यांनी १९९४ साली गायले ते या केल यांच्या निवडीवरून. पियानोच्या जागी एकटी इलेक्ट्रिक गिटार आली आणि स्वर तारसप्तकाकडे झुकला. २००१ च्या ‘श्रेक’ चित्रपटात केल यांचा आवाज आहे, पण त्याच चित्रपटाच्या गाण्यांच्या संग्रहात रूफस वेनराइट यांचा. २००८ च्या नाताळात ब्रिटनमध्ये अलेक्झांड्रा बर्क यांची आवृत्ती विक्रीत पहिली होती, बकली यांची दुसरी आणि कोहेन यांची मूळ ध्वनिमुद्रिका छत्तिसावी. चाल मात्र या सगळ्यांत जवळजवळ जशीच्या तशी राहिली, सहा-सहा मात्रांत झुलणारी, आपल्या दादऱ्याच्या कानाला परकी न वाटणारी. बदलली ती कडव्यांची निवड, आणि त्या निवडीमुळे कोणी ते भक्तिगीत समजून ऐकते तर कोणी भग्न संसाराचे.

म्हणून काय बदलते याला सरसकट उत्तर नाही, पण माझा अनुभव असा की आधी पट्टी हलते, कारण ती गळ्याची गरज असते. मग लय आणि वाद्यमेळ, कारण त्यांत काळाची चव असते. शब्द त्यानंतर, आणि मुखड्याची चाल सगळ्यात शेवटी. ती बदलली की श्रोता ‘हे ते गाणे नव्हेच’ असे म्हणून उठतो. गाण्याचा संगीतकार स्वतः मात्र हा नियम मुद्दाम मोडू शकतो. आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात जितेंद्र अभिषेकी यांनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गायकींत, दोन वेगळ्या चालींत बांधले, कारण नाटकाचा विषयच दोन घराण्यांचा होता. नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांच्या तोंडचे रूप आणि दुसरे रूप लागोपाठ ऐकले म्हणजे शब्द तेच असूनही गाणे किती दूर जाऊ शकते ते कळते.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. कवयित्री आणि संगीतकार म्हणून ते गाणे पार्टन यांचेच आहे. सत्तरच्या दशकात प्रेस्ली यांना ते गायचे होते, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा मागितला आणि पार्टन यांनी, रडू येत असूनही, नकार दिला. पुढे ह्यूस्टन यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, तेव्हा गाण्याच्या मानधनाचा तो वाटा पार्टन यांचाच होता. आपल्या पुढच्या निवेदनात ‘गीत-संगीत डॉली पार्टन, ह्यूस्टन यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून’ असे सांगावे. दोन्ही बाजूंचे समाधान व्हावे. आणि वाद शमल्यावर गटातील जाणकारांनी एक गोष्ट तपासावी : आपण ज्या ट्रॅकवर गाता तोही कोणीतरी कीबोर्डवर बसून केलेली एक आवृत्तीच असतो. व्हायोलिनच्या ताफ्याचे म्युझिक पीस त्यात एकाच कीबोर्डवर वाजतात, आणि जुन्या हिंदी गाण्याचा जो अंतरा केवळ चित्रपटात आहे, तबकडीवर नाही, तो ट्रॅकमध्येही नसतो. तो अंतरा आपल्या सभासदांच्या पुढच्या पिढीला ठाऊकच असणार नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका पुरुष गायकाचे मराठी भावगीत म्हणणार आहे. सराव घेणारे सर म्हणाले की ‘आलो’चे ‘आले’ कर, नाहीतर लोक हसतील. इंग्रजी गायिका अशा वेळी काय करतात?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : इंग्रजीत ही अडचण अर्धीच आहे. तिथल्या क्रियापदाला लिंग नाही. एखादे सर्वनाम बदलले की काम भागते आणि कधी कधी तेवढेही करावे लागत नाही. ओटिस रेडिंग यांनी १९६५ साली ‘रिस्पेक्ट’ गायले त्यात दिवसभर राबून घरी येणारा पुरुष आपल्या बायकोकडे मान मागतो. ॲरिथा फ्रँकलिन यांनी १९६७ साली ते उचलले, बोलणारी बाई केली, ‘रिस्पेक्ट’ या शब्दाची अक्षरे एकेक करून ठणकावणारा तुकडा स्वतः घातला आणि मागे आपल्या बहिणींचे आवाज घेतले. तो अक्षरांचा तुकडा रेडिंग यांच्या मूळ गाण्यात नाहीच, आणि आज लोक त्याच तुकड्यावरून ते गाणे ओळखतात. तिथे शब्द थोडे बदलले आणि बोलणाऱ्याची जागा पूर्ण बदलली.

मराठीत मात्र प्रत्येक क्रियापद गाणाऱ्याची ओळख सांगून टाकते. ‘आलो’चे ‘आले’ करताना मात्रा सारख्या राहतात हे खरे, पण संगीतकाराने समेवर लांबवायला ठेवलेला ‘ओ’ जाऊन तिथे ‘ए’ येतो आणि गळा वेगळा उघडावा लागतो. सर सरावात एकदा दोन्ही स्वर त्याच जागी लांबवून पाहतील तर त्यांच्या लक्षात येईल. शिवाय बदल एका शब्दावर थांबत नाही. गाण्यात प्रेयसी ‘आली’ असेल आणि तिचे यमक ‘सावली’शी जुळवले असेल, तर तिचा प्रियकर ‘आला’ केल्यावर त्या सावलीचे काय करायचे? शब्द बदलले की काय हरवते ते समजून घ्यायचे असेल तर ‘झिंगाट’ ऐकावे. २०१६ च्या ‘सैराट’मधले हे गाणे २०१८ च्या ‘धडक’ या हिंदी चित्रपटात अजय-अतुल यांच्याच संगीतात आणि त्यांच्याच आवाजांत आले. चाल तीच, वाद्यांचा धुमाकूळ तोच, शब्द तेवढे हिंदी. तरी मराठीतल्या बोलीच्या क्रियापदांनी ठेक्यावर जी ठोकर दिली होती ती माझ्या कानाला हिंदीत लागत नाही.

तेव्हा माझे मत विचारशील तर काहीही बदलू नकोस. एकनाथांच्या गौळणी कीर्तनकार बुवा शतकानुशतके गोपीच्या तोंडच्या स्त्रीलिंगी क्रियापदांसकट गात आले आहेत आणि समोरचे श्रोते हसलेले नाहीत. बालगंधर्वांच्या रंगभूमीला तर हे वेगळे सांगायचीही गरज नव्हती. गाण्यातला ‘मी’ हा गाणाऱ्याचा ‘मी’ नसतो, एवढे नागपूरच्या श्रोत्याला नक्की समजते. मात्र पट्टी जरूर बदल. पुरुषाच्या काळी एकमध्ये गाण्याचा हट्ट धरलास तर मंद्रातल्या जागा नुसत्या पुटपुटल्या जातील. पांढरी पाच किंवा काळी पाच धरून पाहा आणि साथीदारांना ते आधीच सांगून ठेव.

प्रश्न : सक्करदऱ्यात माझा छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करून विकायची असेल तर कायदा काय सांगतो?
— एक ध्वनिमुद्रक, नागपूर

उत्तर : थोडक्यात सांगतो, कारण तपशिलासाठी आपल्याला वकिलाकडेच जावे लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘३१ सी’ हे कलम आले. मूळ गाणे ज्या वर्षी प्रथम ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षे होईपर्यंत व्हर्जन, म्हणजे अशी नवी आवृत्ती, काढता येत नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. त्यानंतर हक्कधारकाला आगाऊ सूचना देऊन आणि दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन आगाऊ भरून ते काढता येते. हक्कधारकाच्या संमतीशिवाय, तांत्रिक गरजेपलीकडे, शब्दांत किंवा चालीत फेरफार करता येत नाही. हे कलम ध्वनिमुद्रणापुरते आहे. व्हिडिओ करायचा असेल तर परवानगी वेगळी. वरच्या उत्तरांतील ‘हाउंड डॉग’सारखी उलथापालथ या कलमाच्या आधारे करता येणार नाही, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक अट अशी की वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र दिशाभूल होईल अशा रीतीने छापता येत नाही आणि ही व्हर्जन आवृत्ती आहे हे स्पष्ट लिहावे लागते. ही अट का आली असावी ते माझ्या वयाच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सीताबर्डीवरून वडिलांसाठी रफीसाहेबांच्या गाण्यांची कॅसेट आणली होती. वेष्टनावर मोठा हसरा फोटो होता. वडिलांनी ती टेपमध्ये घातली, पहिल्या आलापालाच मान वर केली, बटण दाबून टेप बंद केला आणि चष्मा लावून वेष्टनाच्या आतली घडी उघडली. तिथे, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत, गाणाऱ्याचे खरे नाव होते. त्या मुलाचा आवाज वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकतो. वडिलांनी ती कॅसेट पुन्हा कधी लावली नाही.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळाच्या वहीत एका भजनावर ‘चाल’ म्हणून एका जुन्या हिंदी गाण्याचे नाव लिहिले आहे. आम्ही तीसेक वर्षे ते त्याच चालीवर म्हणतो. परवा नव्या सुनेने मोबाईलवर ते हिंदी गाणे लावले, तर आमची चाल त्याहून बरीच निराळी निघाली. आता तरुण मुली म्हणतात, काकू, तुमचे चुकले. खरेच चुकले का?
— एक गृहिणी, इतवारी, नागपूर

उत्तर : काकू, चुकले नाही, तीस वर्षे झाली. मूळ गाणे एका तयार गळ्याच्या गायिकेने, मोठ्या वाद्यवृंदासह गायले असणार. तेच पंधरा बायकांनी पेटी, ढोलकी आणि टाळांवर एकत्र म्हणायचे म्हणजे मुरक्या आपोआप झडतात, तारसप्तकातली अवघड जागा सर्वांना झेपेल एवढी खाली येते आणि दादऱ्यात झुलणारी चाल भजनी ठेक्यात सरळ चालू लागते. ज्येष्ठ सभासदाने कधीतरी श्वास घ्यायला जिथे थांबा घेतला, तो थांबा पुढच्या साऱ्यांसाठी चालीचा भाग होतो. लग्नाच्या वरातीतला धुमाल ऐकला असेल. तिथे तर कीबोर्डवर मुखडा तेवढा उरतो, अंतऱ्याची वाट न पाहता पुन्हा मुखडाच येतो, आणि नाचणाऱ्यांचे काही अडत नाही.

ही ‘चाल’ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १८८० साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’पासून नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांवर असाच चालीचा उल्लेख आढळतो. त्यांतली कितीतरी मूळ गाणी आज कोणाला ऐकूनही माहीत नाहीत आणि चाल जिवंत आहे ती त्या पदामुळे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांत भीमगीतांच्या लहान पुस्तिका मिळतात, त्यांतही गाण्याच्या डोक्यावर एखाद्या चित्रपटगीताचे नाव असते. गावोगावचे गायक ते गाणे आपापल्या परीने म्हणतात आणि दोन गावांचे जुळत नाही.

तरुण मुलींना दोन्ही चाली येऊ द्याव्यात. वहीत हिंदी गाण्याचे नाव आहे ते खोडू नये, त्याखाली ‘मंडळाची चाल’ असे लिहून आपल्यातील सर्वांत ज्येष्ठ बाईंच्या आवाजात ती सुनेच्या मोबाईलवर एकदा मुद्रित करून घ्यावी. आपण पेटीवर पांढरी पाच धरता की काळी पाच, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी किती आवर्तने एकटी वाजते, एवढेही वहीत टिपून ठेवावे; त्या हिंदी गाण्यात ते सापडणार नाही.